‘दुष्परिणाम’ कुणी ठरवले? नैराश्याच्या गोळ्यांचा इतिहास, उलट्या बाजूने

आपल्याकडे औषधाच्या दुकानात गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीने पट्टी कापतो आणि हव्या तेवढ्या गोळ्या छोट्या कागदी पाकिटात घालून देतो. माहितीचा कागद सोबत बहुधा मिळत नाही. मग आपण होस्टेलवर येतो, औषधाचं नाव गुगलवर टाकतो आणि समोर एक भलीमोठी यादी उघडते: मळमळ, झोप न येणं, फार झोप येणं, वजन वाढणं, वजन घटणं, हात थरथरणं, लैंगिक इच्छा कमी होणं. नैराश्यावरची गोळी नुकतीच लिहून मिळालेल्या विद्यार्थ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो इथेच. एवढं सगळं होणार असेल तर घ्यायचीच कशाला?

मी वैद्यकाच्या इतिहासात पीएच.डी. करते आहे. माझा विषय म्हणजे हीच यादी. यादीतली प्रत्येक ओळ कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा बोलून दाखवलेली असते. ते कोण बोललं, कुणी ऐकून घेतलं, ऐकायला किती वर्षं लागली, हे मी जुन्या वैद्यकीय नियतकालिकांमधून शोधते. मी स्वतःही दीड वर्षापासून एस्सिटालोप्राम घेते आहे, तेव्हा हा विषय माझ्यासाठी नुसता ग्रंथालयातला राहिलेला नाही, हेही सांगून टाकते.

सुरुवात शब्दापासून करू. ‘साइड इफेक्ट’ला मराठीत आपण ‘दुष्परिणाम’ म्हणतो. इंग्रजी शब्दात फक्त ‘बाजूचा’ एवढाच अर्थ आहे. आपण मात्र ‘दुष्’ लावून आधीच निकाल देऊन टाकलाय. खरं तर औषध शरीरात गेलं की त्याचे अनेक परिणाम होतात. त्यातला मुख्य कोणता आणि बाजूचा कोणता, हे आपण ते औषध कशासाठी देतोय त्यावर ठरतं. ही शब्दांची कसरत वाटत असेल तर १९५२ सालातल्या एका क्षयाच्या दवाखान्यात चला.

नाचणारे क्षयरोगी

न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड भागात सी व्ह्यू नावाचं क्षयाचं मोठं रुग्णालय होतं. संसर्गाच्या भीतीने अनेक गोऱ्या परिचारिका तिथलं काम सोडून गेल्या होत्या आणि रुग्णांची शुश्रूषा मुख्यतः कृष्णवर्णीय परिचारिका करत होत्या. तिथे आयर्व्हिंग सेलिकॉफ आणि एडवर्ड रॉबिट्झेक या डॉक्टरांनी दोन नवी औषधं रुग्णांना देऊन पाहिली. एक आयसोनियाझिड, जे आजही आपल्याकडच्या क्षयाच्या उपचारात असतं. दुसरं त्याचंच भावंडं, इप्रोनियाझिड.

अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली. भूक वाढली, वजन वाढलं. पण इप्रोनियाझिडच्या रुग्णांमध्ये आणखी काहीतरी दिसत होतं. ते नको इतके उत्साही झाले होते. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. फुफ्फुसं अजून बरी झाली नव्हती, पण माणसं खुशीत होती.

आता गंमत बघा. क्षयाच्या डॉक्टरांच्या दृष्टीने हा आनंद म्हणजे त्रास होता! मज्जासंस्था अवाजवी उत्तेजित होते, म्हणून तो इप्रोनियाझिडच्या तोट्यांमध्ये मोजला गेला. क्षयासाठी आयसोनियाझिड पुढे गेलं आणि इप्रोनियाझिड मागे पडलं.

पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्याच रॉकलंड स्टेट हॉस्पिटलच्या नेथन क्लाइन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच औषध नैराश्याच्या रुग्णांना दिल्याचा अहवाल मांडला. औषध तेच, परिणामही तोच; फक्त यादीतला रकाना बदलला. काल ज्याला तोटा म्हटलं होतं तो आज उपचार झाला. म्हणजे नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक हे मुळात दुसऱ्या औषधाचा ‘दुष्परिणाम’ म्हणून जन्माला आलं.

गोष्ट इथे गोड संपत नाही. इप्रोनियाझिडमुळे काही रुग्णांना कावीळ झाली, यकृताला गंभीर इजा झाली आणि १९६१ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते काढून घ्यावं लागलं.

मुंबईची सर्पगंधा

याच्या बरोबर उलटी गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू होते. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक लेख लिहिला. सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीने रक्तदाब कमी होतो, हे त्यांनी रुग्णांच्या नोंदींसह दाखवलं. भारतीय वैद्यकात ही मुळी जुनीच. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच तिच्याबद्दल लिहिलं होतं. पण वकिलांच्या लेखानंतर पाश्चात्त्य जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं.

रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण मग डॉक्टरांना सांगू लागले की मन उदास राहतं, कशात रस वाटत नाही. काहींची अवस्था फारच बिकट झाली. दरम्यान प्रयोगशाळेत कळलं होतं की रेसर्पिनमुळे मेंदूतले सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन यांचे साठे कमी होतात. उलट इप्रोनियाझिड ही रसायनं मोडणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवतं. एक औषध साठा घटवतं आणि माणूस खचतो, दुसरं साठा टिकवतं आणि माणूस नाचतो. १९६० च्या दशकात यातूनच एक सिद्धांत उभा राहिला: नैराश्य म्हणजे मेंदूत या रसायनांची कमतरता.

तुम्ही कुणाकडून तरी ऐकलं असेल, ‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय, गोळीने भरून निघेल.’ त्या वाक्याची मुळं इथे आहेत, दोन औषधांच्या दोन अनपेक्षित परिणामांत. पुढच्या संशोधनात हा हिशेब इतका सरळ निघाला नाही. रेसर्पिन घेणारे बहुतेक जण खचले नव्हते. १९५५ मध्ये लंडनच्या एका चाचणीत तर चिंता आणि नैराश्य असलेल्या रुग्णांना रेसर्पिनचा फायदाच दिसला होता. नैराश्य असलेल्या लोकांमध्ये सेरोटोनिन सरसकट कमी असतं याला भक्कम पुरावा नाही, असं २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यातही मांडलं गेलं.

मग गोळ्या खोट्या का? नाही. त्या कशा चालतात, याचं स्पष्टीकरण अपुरं आहे. त्या चालतात का, हा प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तर चाचण्यांतून मिळतं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. २१ औषधं आणि १ लाख १६ हजारांहून जास्त माणसं. प्रौढांमध्ये सगळी औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मात्र माफक होता. म्हणजे कुणाला खूप उपयोग होतो, कुणाला थोडा, कुणाला औषध बदलावं लागतं.

चीज खाल्लं आणि डोकं फुटायची वेळ आली

इप्रोनियाझिडच्या घराण्यातली दुसरी औषधं १९६० च्या सुरुवातीला जोरात होती. ती घेणाऱ्या काही रुग्णांना अचानक भयंकर डोकेदुखी व्हायची, रक्तदाब झपाट्याने चढायचा, क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यूही व्हायचा. का, ते कळत नव्हतं.

बॅरी ब्लॅकवेल हे तेव्हा लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात मनोविकारशास्त्राचं शिक्षण घेत होते, म्हणजे एका अर्थी आपल्यासारखेच विद्यार्थी. त्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ला या त्रासाबद्दल पत्र लिहिलं. ते वाचून नॉटिंगहॅमच्या एका औषधनिर्मात्याने त्यांना कळवलं की माझी बायको हे औषध घेते आणि चीज खाल्लं की तिचं डोकं असंच दुखतं. दोन्हींचा संबंध असेल का?

पत्र वाचून सहकाऱ्यांना हसू आलं. चीजने रक्तदाब? पण थोड्याच काळात चीज खाल्ल्यावर नेमका तोच त्रास झालेले रुग्ण रुग्णालयातच सापडले आणि ब्लॅकवेल यांनी पाठपुरावा केला. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचं रसायन असतं. एरवी आपलं आतडं आणि यकृत ते मोडून टाकतं. मोडणारा विकर औषधाने अडवला की ते थेट रक्तात जातं आणि रक्तदाब भडकतो.

या प्रसंगाने मी या विषयाला चिकटले. औषध शोधणाऱ्या कंपनीला जे दिसलं नाही, ते घरातल्या जेवणाच्या टेबलावर एका नवऱ्याला दिसलं. त्याने ते लिहून कळवलं, आणि शिकाऊ असलेल्या एका डॉक्टरने ते हसण्यावारी नेलं नाही.

कोरडं तोंड आणि न विचारलेली संमती

त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये, कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगेन गावातल्या मनोरुग्णालयात, रोलंड कून गायगी कंपनीचं एक रसायन तपासत होते. आधी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिलं होतं, पण जमलं नाही. १९५६ मध्ये नैराश्याच्या रुग्णांना दिलं आणि माणसं बोलू लागली, चेहरे हलू लागले. हे इमिप्रामिन. १९५७ मध्ये झुरिकच्या जागतिक परिषदेत कून यांनी हे मांडलं तेव्हा ऐकायला डझनभर लोक होते म्हणे.

इमिप्रामिन आणि त्याच्या घराण्यातली औषधं पुढची तीस वर्षं नैराश्याचा मुख्य उपचार राहिली. सोबत आलं कोरडं तोंड, बद्धकोष्ठता, धूसर दिसणं, गुंगी. घरातल्या एखाद्या आजीने किंवा मावशीने त्या काळात ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणून अशा गोळ्या घेतल्या असतील तर ‘त्या गोळ्यांनी माणूस सुस्त होतो’ हे घरातलं वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटेल. ते तेव्हाच्या अनुभवातून आलेलं आहे. आजच्या औषधांना ते जसंच्या तसं लागू होत नाही, एवढंच.

या कथेचीही एक काळी बाजू आहे. कून यांच्या रुग्णालयात अनेक वर्षं कितीतरी नवी रसायनं रुग्णांना देऊन पाहिली गेली आणि बऱ्याच जणांना आपण चाचणीत आहोत याची नीट कल्पनाच नव्हती. तिथल्या प्रांताच्या सरकारने इतिहासकारांकडून याचा अभ्यास करून घेतला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास कुणाला काय झाला हे नोंदवलं जातं, पण त्रास सोसायला तयार आहात का, हे विचारलं जात नाही, असाही एक काळ होता.

१४ आणि ५८

१९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेने फ्लुऑक्सेटिनला मान्यता दिली. ‘प्रोझॅक’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सेरोटोनिनवरच नेम धरणाऱ्या या नव्या पिढीत (आज आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम वगैरे याच पिढीतली) हृदयाला धोका कमी, गुंगी कमी. ‘सुरक्षित’ अशी ख्याती झाली. लैंगिक त्रासाचे आकडे सुरुवातीला किरकोळ वाटत होते.

मग १९९७ मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला. डॉक्टर मोंतेखो आणि सहकाऱ्यांनी ३४४ रुग्ण पाहिले. आपणहून किती जणांनी लैंगिक त्रास सांगितला? १४ टक्के. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर किती जणांनी ‘हो’ म्हटलं? ५८ टक्के.

हे दोन आकडे मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलेत. दोन्ही वेळा औषध तेच आणि माणसंही तीच. मधला ४४ टक्क्यांचा फरक म्हणजे निव्वळ संकोच आणि न विचारलेला प्रश्न. हे स्पेनमधलं. आपल्याकडे ओपीडीत बाहेर वीस जण बसलेले, आत दार अर्धं उघडं, शेजारी आई किंवा रूममेट. तिथे कोण आपणहून बोलेल? मला पहिल्या डॉक्टरांनी ‘काही होत नाही, घ्या’ म्हणून तीन मिनिटांत बाहेर पाठवलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी एक-एक विचारलं: झोप, भूक, पोट, घाम, पाळी, लैंगिक इच्छा. तेव्हा कळलं की मी ज्याला ‘थीसिसचा ताण’ समजत होते त्यातली निम्मी लक्षणं यादीत होती. डोस बदलला, वेळ बदलली, दिवसभराच्या जांभया आणि रात्रीचं जागरण बरंच कमी झालं. सगळं गेलं असं नाही. पण कशाची किंमत मोजतेय हे कळलं की मोजणं सोपं जातं.

थांबवतानाचा त्रास

शेवटचं प्रकरण सगळ्यात लांबलं. इमिप्रामिन अचानक बंद केल्यावर रुग्णांना मळमळ, चक्कर, अस्वस्थता होते, हे १९६१ मध्येच एका शोधनिबंधात आलं होतं. नव्या पिढीच्या गोळ्यांबाबतही रुग्ण तेच सांगत होते, वर डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात म्हणत होते. बराच काळ अधिकृत मार्गदर्शनात हा त्रास सौम्य असतो, आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, असंच लिहिलं जायचं.

२००२ मध्ये बीबीसीने पॅरॉक्सेटिन या औषधावर कार्यक्रम केला आणि प्रेक्षकांकडून हजारो फोन आले. आलेल्या १,३७४ ई-मेलचा नंतर संशोधकांनी अभ्यासही केला. डॉक्टरांच्या अहवालांत जे धूसर होतं ते रुग्णांच्या स्वतःच्या शब्दांत स्वच्छ दिसत होतं. ब्रिटनमध्ये औषधांच्या त्रासाची नोंद करणारी ‘यलो कार्ड’ पद्धत १९६४ पासून होती, पण ती डॉक्टरांसाठी. २००५ पासून रुग्णांनाही थेट नोंद करता येऊ लागली. आणि २०१९ मध्ये ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली: काही जणांना हा त्रास तीव्र आणि दीर्घकाळ होऊ शकतो, म्हणून गोळी हळूहळू कमी करावी. १९६१ ते २०१९. अठ्ठावन्न वर्षं!

मग तुम्ही काय करायचं?

मी डॉक्टर नाही, इतिहासाची विद्यार्थिनी आहे. डोस किती, गोळी कोणती, हे सांगणं माझं काम नव्हे. पण या इतिहासातून विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असं थोडं सांगता येतं.

एक, वेळेचं गणित उलटं असतं. त्रास पहिल्या आठवड्यात येतो, उपयोग जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीचा बराच त्रास, विशेषतः मळमळ, दिवसांगणिक ओसरतो. सबमिशन किंवा परीक्षा तोंडावर असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

दोन, गोळी मनाने बंद करू नका. ‘आता बरं वाटतंय’ म्हणूनही नाही आणि ‘नको हा त्रास’ म्हणूनही नाही. सुट्टीत घरी जाताना पट्टी होस्टेलवर राहिली, हेही अचानक बंद करणंच आहे. बॅगेत सगळ्यात आधी ती टाका.

तीन, वय २४ पर्यंत असेल तर हे नीट वाचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये १८ ते २४ वयाच्या तरुणांसाठी ठळक इशारा दिला: गोळी सुरू करताना किंवा डोस बदलताना काही जणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्याच इशाऱ्यात असंही आहे की २४ च्या पुढच्या वयात अशी वाढ दिसली नाही, आणि नैराश्य उपचाराविना ठेवण्यालाही तोच धोका आहे. म्हणून पहिले काही आठवडे एका तरी माणसाला सांगून ठेवा, ‘माझ्यावर लक्ष ठेव.’ विलक्षण बेचैनी वाटली, असे विचार आले, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

चार, लिहून ठेवा. रोज दोन ओळी: गोळी किती वाजता घेतली, झोप कशी, पोट कसं, वाचन किती झालं. तोंडाने सांगायला लाज वाटत असेल तर तो कागद डॉक्टरांपुढे सरकवा. १४ टक्क्यांतून ५८ टक्क्यांत जाण्याचा एवढा साधा मार्ग आहे.

आणि पाच, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भारतातही २०१० पासून औषधांच्या त्रासाची राष्ट्रीय नोंद होते. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग ती सांभाळतो. त्यासाठी रुग्णांकरता वेगळा अर्ज आहे, मराठीतही आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तुमची मळमळ, तुमचे झटके, तुमचा संकोच तिथे नोंदवता येतो.

गुगलवरची ती लांबलचक यादी बघून घाबरायला होतं, हे खरंच आहे. पण तिच्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी हसण्याची पर्वा न करता बोललं म्हणून तिथे आहे. त्यांच्या बोलण्यामुळे आज डॉक्टरांना तुमचा डोस बदलता येतो, गोळी हळूहळू कमी करता येते. पुढची ओळ कदाचित तुमच्याकडे असेल. ती गुगलला विचारत बसू नका, डॉक्टरांना सांगा.